सही जुळत नाही म्हणाले आणि मी आठ वर्षांचा झालो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फ्लॅशबॅकवर लेख आला होता, चांगला होता, कापून ठेवलाय. पण त्यात लिहिलंय की माणसाला जुना प्रसंग सिनेमासारखा डोळ्यासमोर दिसायला लागतो, आवाज येतात, वास येतो, ते बरोबर असलं तरी अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात माझी जवळपास पन्नास वर्षं गेली म्हणून हे पत्र. लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त बँकेचा भाग ठेवा.

मी इंदूरचा. राहायला राजेंद्रनगरला, दुकान भंवरकुआँच्या बाजूला, झेरॉक्स, प्रिंटआउट, स्पायरल बाइंडिंग असलं सगळं. वय अठ्ठावन्न. बीपीची एक गोळी सोडली तर तब्येत ठीक. लोक मला शांत माणूस म्हणतात आणि ते ऐकून मला नेहमी थोडं ओशाळल्यासारखं होतं, का ते पुढे येईलच.

दोन वर्षांपूर्वी मुलीच्या फीसाठी एफडी मोडायची होती. बँक कुठली ते राहू द्या, त्यांची काहीच चूक नाही. काउंटरवर पंचवीस-सव्वीसचा पोरगा, माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल, अगदी नम्र. फॉर्म बघितला, कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाला, "अंकल, साइन मैच नहीं हो रहा, एक बार फिर से कर दीजिए।" मी केली. त्यानं परत बघितलं, मान हलवली, "थोडा अलग आ रहा है, फिर से।" आवाज वाढवला नाही, हसला नाही, उलट म्हणाला आराम से करिए. मागे चार-पाच लोक. दोरीला बांधलेलं ते पेन, त्याची दोरी कायम अर्धा वीत कमी पडते.

तिसऱ्यांदा पेन टेकवलं आणि हातच चालेना. कान गरम झाले, तळहाताला घाम, पोटात मोठा खड्डा पडल्यासारखं आणि मला शप्पथ वाटलं की काउंटर उंच झालाय. काच माझ्या डोक्याच्या वर गेलीय आणि मी खालून बघतोय. आता आपलं संपलं, आपल्याच्यानं काही होत नाही आणि हे सगळ्यांना कळलंय, अशी लाज वाटत होती. अशी लाज, की एखाद्यानं मोठा गुन्हा केला तरी एवढी वाटू नये. मी फॉर्म तिथेच ठेवला, पासबुकसुद्धा तिथेच ठेवलं आणि बाहेर आलो. स्कूटर बँकेसमोर उभी होती, ती सोडून चालत घरी आलो. सव्वा तास लागला. का चाललो माहीत नाही.

मग दोन दिवस बोललो नाही. म्हणजे रागावून नाही, शब्दच येत नव्हते. आमची ही घाबरली, छातीत धडधड होतेय म्हटल्यावर धरून डॉक्टरकडे नेलं, ईसीजी झाला, इको झाली, सगळं नॉर्मल, "गैस है" म्हणाले. (आपल्याकडे काही सापडलं नाही की गॅस. पण तपासणी केली ते बरंच झालं, छातीत काही होत असेल तर आधी हृदय बघून घ्या, मनाचं मागून बघता येतं.)

आता ह्या सगळ्यात मला काहीही "दिसलं" नव्हतं. कुठला प्रसंग नाही, कुणाचा चेहरा नाही. म्हणून मला वाटलंच नाही की ह्याचा मागच्या कशाशी संबंध असेल. मला वाटलं मी मुळातच असा आहे, नालायक, एवढ्या-तेवढ्यानं ढेपाळणारा. आणि हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं, वर्षातून दहा-बारा वेळा व्हायचं. ही नुसतं "अहो, जरा बोलायचंय" म्हणाली तरी व्हायचं. दादाचा "फोन कर" एवढाच मेसेज आला तरी व्हायचं.

ज्याला भावनिक फ्लॅशबॅक म्हणतात तो हा. पीट वॉकर म्हणून एक अमेरिकन थेरपिस्ट आहेत, स्वतःचं लहानपणही मारझोडीच्या घरात गेलेले, त्यांनी हा शब्द रूढ केला. त्यांचं म्हणणं असं की लहानपणी जो माणूस वर्षानुवर्षं भीतीत किंवा एकटेपणात राहिला त्याला मोठेपणी एकदम त्या वेळची भावना गाठते, तीच असहायता, तीच लाज, पण सोबत चित्र बहुतेक वेळा नसतंच. चित्र नसल्यामुळे माणूस कारण आत्ताच्या गोष्टीत शोधतो. बायको अशी बोलली, क्लार्क तसा वागला, नाहीतर मीच तसला. आणि हे मिनिटभराचं असेलच असं नाही, तास, दिवस, कधी आठवडासुद्धा चालतं.

२०२३ च्या रामनवमीला आपल्याकडे मंदिरातल्या बावडीवरचा स्लॅब कोसळला, ३६ माणसं गेली. त्यातून वाचलेल्या एखाद्याला पाणी बघून, पायाखालची फरशी हलली म्हणून काही झालं तर सगळं शहर समजून घेईल, समजून घ्यायलाच पाहिजे. पण ज्याच्या बाबतीत कुठलीच बातमी झाली नाही, एका खोलीत रोज संध्याकाळी सात ते नऊ थोडंथोडं घडत राहिलं, त्याचं काय समजावून घेणार, त्याला स्वतःलाच धड सांगता येत नाही.

डॉक्टरी जगातही हे उशिराच आलं. पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे नाव अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या यादीत १९८० साली आलं, त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचा मोठा रेटा होता. मग १९९२ मधे ज्यूडिथ हर्मन ह्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडलं की एकदाच झालेला आघात आणि जिथून सुटता येत नाही अशा जागी लांब काळ चाललेला आघात ह्यात फरक आहे, दुसऱ्यानं माणसाचा स्वभावच वाकतो. ते जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत वेगळा आजार म्हणून यायला १ जानेवारी २०२२ उजाडलं, तेव्हापासून आयसीडी-११ ही त्यांची आजारांची नवी यादी लागू झाली आणि त्यात कॉम्प्लेक्स पीटीएसडी आहे. भावनिक फ्लॅशबॅक हे आजाराचं नाव नाही, पण त्याच यादीत पीटीएसडीच्या वर्णनात लिहिलंय की जुना प्रसंग परत जगणं म्हणजे नुसत्या त्याच तीव्र भावनांमधे बुडून जाणं असंही असू शकतं. मला हे दाखवलं तेव्हा मी ते वाक्य दुकानात प्रिंट काढून घेतलं. वेडेपणा वाटेल, पण सरकारी कागदावर आपलं नाव सापडल्यासारखं वाटलं.

मेंदूचं मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. अमिग्डाला म्हणून बदामाच्या आकाराचा भाग असतो, नावच ग्रीकमधल्या बदामावरून आलंय, त्याचं काम धोका दिसला की बोंब मारायची. शेजारी हिप्पोकॅम्पस, तो आठवणीला जागा आणि वेळ लावतो, मी त्याला तारखेचा शिक्का म्हणतो. भीती फार मोठी झाली किंवा रोजचीच झाली की शिक्केवाल्याचं काम बिघडतं, बोंब मारणारा मात्र सगळं पाठ करून ठेवतो. मग ती भीती तारखेशिवाय आत पडून राहते. पन्नास वर्षांनी कुणीतरी "फिर से" म्हणतं आणि ती आजची म्हणून बाहेर येते. अगदी तान्हेपणचं तर कुणालाच आठवत नाही कारण शिक्केवाला उशिरा कामाला लागतो, बदाम त्याच्या आधी. म्हणून "तेव्हा तू एवढासा होतास, तुला काय आठवणार" ह्याला काही अर्थ नाही.

आता माझ्या तारखेशिवायच्या कागदाबद्दल.

अण्णा गिरणीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. भोंगा झाला की अर्ध्या तासात बोळात सायकलचा स्टँड वाजायचा, हातपाय धुवून ते बसायचे आणि माझा कित्ता सुरू. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. एक ओळ काढायची, ते बघायचे आणि म्हणायचे, "परत काढ." ओरडायचे नाहीत. परत काढ. दहा वेळा, वीस वेळा, मधेच पट्टी उभी करून पेरांवर बसायची, आणि पान टरकन फाडायचे. पट्टीपेक्षा ते फाडणं वाईट. आई स्वैपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची, बाहेर यायची नाही. नऊ वाजता जेवायला बसायचो, अण्णा एकदम नॉर्मल, ताटात तूप जास्त वाढ म्हणायचे त्याला. म्हणजे मला. थंडीत गराडू आणायचे, सर्कस दाखवायला न्यायचे. राक्षस नव्हते हो. राक्षस असते तर सांगायला सोपं गेलं असतं.

हे सगळं मला कायम आठवत होतं, विसरलो नव्हतो. फक्त बँकेचा आणि ह्याचा काही संबंध आहे हे डोक्यात आलं नाही. दुकानात खराब निघालेला कागद मी कधी फाडत नाही, पाठकोरा म्हणून गठ्ठा करून ठेवतो, तीस वर्षं ही मला कंजूस म्हणत आली आणि मीही तेच समजत आलो.

मुलीनं जबरदस्ती काउन्सेलरकडे पाठवलं. तासाचे बाराशे, मला वाटलं एवढ्यात टोनरची एक रिफिल आली असती. ती मुलगी हिंदी बोलणारी, मराठीचा म नाही. मी पहिल्या दोन वेळेला सगळं सांगितलं, "पिताजी स्ट्रिक्ट थे, राइटिंग के लिए मारते थे", अगदी सहज, शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं, मधे एक जोकसुद्धा केला. तिसऱ्या वेळेला तिनं विचारलं की घरात कुठल्या भाषेत बोलायचे, ते जसं बोलायचे तसंच बोलून दाखवा, मुझे समझ न आए तो भी चलेगा. मी तोंड उघडलं, "परत" म्हटलं आणि पुढचा शब्द आलाच नाही. घसा बंद. काउंटर परत उंच झाला. तिनं थोड्या वेळानं विचारलं, अभी आप कितने साल के लग रहे हैं अपने आपको? मी म्हटलं, आठ.

संपादक साहेब, हे मला मुद्दाम तुमच्या वाचकांसाठी सांगायचं होतं. आपण इंदूरवाले बाहेर दिवसभर हिंदी बोलतो, बाजार हिंदीत, ऑफिस हिंदीत, मुलांचे मित्र हिंदीत, मराठी उरली ती घरात. मग घरात जे झालं तेही मराठीतच झालं. शिव्या मराठीत, टोमणे मराठीत, "कशाला जन्माला आलास" मराठीत. हिंदीत ते सांगताना जीभ चालते पण आतलं हलत नाही, आणि आपल्याला वाटतं बघा, सगळं सांगून झालं तरी काही फरक पडत नाही. उलट हिंदीतल्या अंतरामुळे कुणाला आधी बोलायला धीर येतो हेही खरं, मला आलाच. पण केव्हातरी ते दोन शब्द ज्या भाषेत पडले त्याच भाषेत काढावे लागतात. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ मधे सुरू झाली, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू, आणि भाषा निवडता येते त्यात मराठी पण आहे. मध्य प्रदेशात बसून मराठी निवडायला लाजू नका.

आता दादाचं ऐका. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, आमच्या वेळी सगळ्यांनीच मार खाल्ला, आम्हाला काय झालं? आणि हे तो फोनवर एवढ्या जोरात ओरडून म्हणाला की वहिनी आतून विचारायला आल्या काय झालं. हा प्रश्न मला दुकानात, लग्नात, गणपतीत सगळीकडे ऐकायला मिळतो, म्हणून थोडं त्याच्यावर. आमच्या बोळात माझा एक मित्र होता, त्याचे वडील माझ्या अण्णांच्या दुप्पट मारायचे, बेल्टनं. पण त्याची आजी त्याला ओढून ओटल्यावर घेऊन बसायची, हळद लावायची आणि स्वतःच्या मुलाला, म्हणजे त्याच्या बापाला, सगळ्या बोळाला ऐकू जातील अशा शिव्या घालायची. तो मित्र आज मजेत आहे. मार खाल्ल्यावर पळत जायला कुणाची तरी मांडी होती का, आणि ही चूक तुझी नाही असं एका तरी मोठ्या माणसानं म्हटलं का, ह्याच्यानं फार फरक पडतो. माझ्याकडे भांड्यांचा आवाज होता. आईला दोष देत नाही, तिचं स्वतःचं काय चाललं असेल ते मी कधी विचारलंच नाही आणि आता ती नाही.

आणि "सगळ्यांनीच" हे तर खरंच आहे, म्हणून का बरं होतं? २००७ साली केंद्राच्या महिला-बालविकास मंत्रालयानं १३ राज्यांत मुलांना विचारून अहवाल काढला होता, दर तीन मुलांतल्या साधारण दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, शाळेत मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. घरासाठी कलम कोण लावणार.

वॉकर म्हणतात की असा फ्लॅशबॅक आला की माणूस चारपैकी एखाद्या वाटेनं जातो. अंगावर धावून जातो, पळ काढतो, गोठतो, नाहीतर समोरच्याची मर्जी राखायला लागतो. दादा धावून जाणारा. मी गोठणारा, लोक ज्याला शांत म्हणतात तो. पळ काढणारे नेहमी खरंच पळत नाहीत, ते कामात पळतात, रात्री अकराला कपाट आवरायला घेतात. पण चौथा प्रकार आपल्याकडे कुणाच्या लक्षात येणार नाही, कारण त्याला आपण गुणी म्हणतो. माझी ताई. सासरी चाळीस वर्षं, कुणाला नाही म्हणून माहीत नाही, कुणाचा आवाज जरा चढला की ही आधी चहा टाकते, चूक नसताना सॉरी म्हणते. सगळे म्हणतात काय संस्कार आहेत. परवा तिला सहज विचारलं की कुणी रागावलं की तुला पोटात काय होतं गं, तर म्हणाली, "खड्डा पडतो, तुला कसं माहीत?" बासष्ट वर्षांची बाई. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा कित्त्याबद्दल बोललो. तिलाही होता, मला माहीतच नव्हतं, तिचा सकाळी असायचा.

एक मात्र सांगतो, आजकाल रील्सवर ज्याला त्याला ट्रॉमा झालेला असतो, सासूनं भाजीत मीठ जास्त म्हटलं तरी ट्रिगर. प्रत्येक राग फ्लॅशबॅक नसतो, कधीकधी समोरचा खरंच चुकीचं वागलेला असतो आणि राग बरोबर असतो. आणि फ्लॅशबॅक आहे म्हणून बायकोवर, मुलांवर ओरडायची परवानगीही मिळत नाही, दादाला मी हे सांगितलं, तेव्हापासून फोन कमी झालेत. माझी ओळखायची खूण साधी आहे, झालेली गोष्ट चार आण्यांची आणि वाटलेलं चारशे रुपयांचं असेल, आणि आपण एकदम लहान, छोटे झाल्यासारखं वाटत असेल, तर बाकीचे पैसे जुन्या खात्यातले आहेत.

घरच्यांनी काय करावं हे मला बरेच जण विचारतात, म्हणजे दोघांनी विचारलं. पहिल्यांदा "काय झालं, काय झालं" विचारणं बंद करा. त्या वेळी माणसाला माहीतच नसतं काय झालं, आणि विचारलं की परीक्षा सुरू झाल्यासारखं वाटतं. "एवढंसं तर होतं" हे तर अजिबात नको, त्याला आधीच लाज वाटतेय. आमची ही काय करते ते सांगतो, हे तिला कुणी शिकवलं नाही, काउन्सेलरनं एक-दोन गोष्टी सांगितल्या आणि बाकी तिनं तिच्या डोक्यानं जुळवलं. ती थंड पाण्याचा तांब्या माझ्या हातात देते, प्यायला नाही, नुसता धरायला. पाय चपलेतून काढून फरशीवर ठेवायला लावते. आणि मग निवडणुकीच्या ड्यूटीवर असल्यासारखी सपाट आवाजात सांगते, "आज मंगळवार आहे. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे आहात. हे राजेंद्रनगर आहे. अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. समोर जी बसलीय ती मी आहे. संध्याकाळी भरली वांगी आहेत." पहिल्यांदा मला हसू आलं, पण त्या वाक्यांनी खरंच कागदावर तारीख पडते. कधी दहा मिनिटं लागतात, कधी तास, पूर्वी दोन दिवस जायचे. भरल्या वांग्यांचं दर वेळेला खरं नसतं, ते मी मागाहून तपासतो.

सगळ्यांना एवढ्यानं भागेल असं नाही. ज्याच्यावर फार वाईट गुदरलंय त्यानं घरच्या तांब्यावर थांबू नये, ह्यातलं काम शिकलेल्या माणसाकडे जावं, बोलण्याच्या खास उपचारपद्धती आहेत, आणि त्यात घाई करून सगळं एका दिवसात उकरायला लावणारा कुणी भेटला तर तिथून निघून यावं. आणि आपल्याकडे मानसिक म्हटलं की लोक "बाणगंगेला पाठवा", म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात, म्हणून हसतात, म्हणून दाखवायला कुणी जात नाही. मी पण हसलोय त्या जोकवर, खूप वेळा.

दुकानात एक पोरगा येतो, बहुतेक खरगोनकडचा असावा, नोट्स काढायला. मधे एकदा मशीन चालू असताना त्याला फोन आला, स्क्रीनवर "पापा" लिहिलेलं, आणि मी त्याचे हात बघितले. आवाज एकदम बारीक झाला, "जी पापा, जी, हो जाएगा पापा", मान आपोआप खाली, आणि बोटांनी तो माझ्या काउंटरवरच्या कागदाचा कोपरा दुमडत होता, उघडत होता, दुमडत होता. फोन संपल्यावर म्हणाला अंकल कितना हुआ, एकशेवीस झाले होते, त्यानं पाचशेची नोट दिली आणि उरलेले न घेता निघाला. मी हाक मारली तर एवढा दचकला की मलाच कसंतरी झालं. काय बोलणार, मी काही डॉक्टर नाही. म्हटलं, "बैठ बेटा, पानी पी, मशीन गरम हो गई है, वैसे भी दस मिनट लगेंगे।" मशीनला काही झालं नव्हतं. तो बसला दहा मिनिटं. आता येतो तेव्हा बसतो, बोलत काही नाही.

तुम्हाला विनंती दोनच. एक, ह्या विषयावर परत लेख काढला तर वर तो डोकं दोन्ही हातांत धरून अंधारात बसलेल्या माणसाचा फोटो टाकू नका, आम्ही तसे दिसत नाही, आम्ही झेरॉक्स काढत असतो, चहा टाकत असतो. दुसरी, "पाच लक्षणं ओळखा" करण्यापेक्षा वाचकांना एकच विचारा की तुमच्या घरातले ते दोन शब्द कुठले. आमच्याकडे "परत काढ" होते. कुणाकडे "बघतेच तुला" असतील, कुणाकडे "येऊ दे त्यांना". नाव न छापता येतील तेवढी छापा.

एफडीचं राहिलं. पासबुक त्या मुलानं जपून ठेवलं होतं, ही जाऊन घेऊन आली. तीन महिन्यांनी मी परत गेलो, जाताना हिनं दिलेली लिमलेटची गोळी तोंडात, पाय चपलेतून काढून ठेवलेले, काउंटरखाली कुणाला दिसत नाही. तोच मुलगा होता. पहिली सही जुळली नाही. मी त्याला म्हटलं, बेटा, मेरी साइन हर बार थोड़ी अलग आती है, नया नमूना ले लो. त्यानं फॉर्म दिला, तीन चौकोन होते, तीन सह्या केल्या, तिन्ही वेगळ्या. तो हसला, मी पण हसलो, मग त्यानं मॅनेजरला विचारून कसंतरी करून दिलं.

पत्र मोबाइलवर टाइप केलंय, प्रिंट काढून खाली सही करून पाठवतोय. मागे नळाच्या पाण्याबद्दल लिहिलं होतं त्या पत्रावरच्या सहीशी ही जुळणार नाही. माणूस तोच आहे.

आपला नेहमीचा वाचक
(नाव छापू नये)
राजेंद्रनगर, इंदूर